माळवदावरचं रान

“अगं बया, बया, बया! रान उगवलं गं घरावर! पळा की कुणीतरी!”

आई अंगणात उभी राहून, मान मोडेल इतकी वर करून ओरडत होती. एका हातात शेणाची पाटी, दुसऱ्या हाताचा पंजा गालावर. आमच्या आईचा आवाज म्हणजे काही साधंसुधं प्रकरण नव्हतं. बालाघाटाच्या आमच्या कडेवरून ती ओरडली की येडशीच्या स्टेशनात उभी असलेली छोटी गाडी शिट्टी झाली समजून निघते, असं लोक म्हणायचे. म्हणजे आधी मीच म्हणायचो, मग लोकही म्हणायला लागले. त्या सकाळी मात्र गाडी नुसती निघाली नसेल, रूळ सोडून पळाली असेल.

मी गोठ्यातून धावत आलो, वर बघितलं आणि माझ्या तोंडातली दातणाची काडी खाली पडली.

आमच्या घराच्या डोक्यावर जंगल उभं होतं. मातीच्या कठड्याच्या वर हातहातभर तरोटा डोकावत होता, त्याच्या मधून गवताची पाती वाऱ्यावर डुलत होती, आणि एका कोपऱ्यातून एक होला पक्षी बाहेर आला, आमच्याकडं बघितलं, आणि आपल्याच घरी असल्यासारखा परत आत गेला. गोठ्यातली म्हैस मान वर करून अशी हंबरली, की तिला आजपर्यंत उपाशी ठेवल्याची माझी मलाच लाज वाटली.

आता माळवद म्हणजे काय हे नव्या लोकांना सांगायला हवं, कारण सिमेंटच्या घरात जन्मलेल्यांना ते ठाऊक नसतं. आमच्याकडं घराला कौलं नव्हती. जाड तुळया, त्यावर फळ्या, फळ्यांवर पाल्याचा थर, आणि त्यावर वीतभर माती घालून चोपलेली. वर सपाट, अंगणासारखं. उन्हाळ्यात तिथं डाळी वाळवायच्या, पाव्हणे निजवायचे, शेजाऱ्याशी भांडायचंही तिथूनच. पण एकदा मृगाचा पाऊस पडला की वर पाय ठेवायचा नाही, हा दस्तूर. ओल्या माळवदावर टाच रुतली की तिथून घर गळायला लागतं. म्हणून मृगापासून आषाढ सरत येईपर्यंत कुणी वर गेलंच नव्हतं. त्यात नऊ दिवसांची झड लागली होती. दहाव्या दिवशी उघडलं, आणि आईनं मान वर केली.

दादा, म्हणजे माझे वडील, मुकाट्यानं शिडी लावून वर चढले. शेवटच्या पायरीवरून त्यांनी पाय पुढं टाकला आणि ते दिसेनासे झाले. खरं सांगतो. अर्ध्या घटकेनं एके ठिकाणी गवत हललं, म्हणून कळलं की माणूस अजून आहे.

“काय हाय वं?” आईनं खालून विचारलं.

“तरोटा हाय,” वरून आवाज आला. “कुर्डू हाय. घोळ हाय, माठ हाय, सराटा हाय. लव्हाळा तर इचारूच नगं. बाभळीची रोपंबी हायती.”

“म्या भाजी न्हाय इचारली! हे आलं कुठनं?”

 दादा तसे दिवसाला सात-आठ शब्दांचे मालक. आज सकाळीच त्यांनी दोन दिवसांचे खर्चून टाकले होते.

तोवर सगळी गल्ली अंगणात जमली होती. कुणी म्हणालं वाऱ्यानं बी आलं, कुणी म्हणालं पाखरांनी आणलं. एक म्हातारा म्हणाला, असं त्यानं अख्ख्या हयातीत बघितलं नाही. पण तो प्रत्येक गोष्टीला असंच म्हणायचा.  बायका मात्र पदर तोंडाला लावून एकमेकींकडं बघत होत्या, कारण घरावर गवत उगवण्याचा अर्थ आमच्या गावात एकच होता. रझाकारांच्या धामधुमीत दोन घरं गाव सोडून गेली होती, ती परत आली नाहीत. त्यांच्या माळवदांवर पहिल्या पावसात गवत आलं, दुसऱ्या पावसात भिंती वाकल्या, तिसऱ्या पावसात तुळया खाली आल्या. घरावर गवत म्हणजे हे घर आता माणसांचं राहिलं नाही. आईनं ती दोन्ही घरं पडताना आपल्या डोळ्यांनी बघितली होती.

आई ओरडायची थांबली. आमची आई ओरडायची थांबली की भ्यायचं असतं.

“ह्या घरात यंदा नवं काय आलंय?” तिनं हळू विचारलं.

सगळ्यांच्या माना वळल्या. दारात माझी बायको उभी होती. चैत्रात लग्न झालेलं, अंगावरची हळद धड उतरलेली नाही. तिनं डोक्यावरची घागर खाली ठेवली आणि पदर सारखा केला. बस. एवढंच.

आणि मी? मला दरदरून घाम फुटला. कारण त्या अंगणात जमलेल्या पन्नास माणसांत, रान कुठून आलं हे ठाऊक असलेला माणूस एकच होता, आणि तो मी होतो. निदान तेव्हा मला तरी तसं वाटत होतं.

झालं होतं असं. माळवदावर दर तीन-चार वर्षांनी नवी माती टाकावी लागते. ती माती कुठलीही चालत नाही. माळवदाला पांढरीच लागते, म्हणजे जुन्या गावठाणाची माती. आमच्या गावापासून तीन कोसांवर घाटाच्या अंगाला एक ओसाड गाव आहे. कधी उठलं, का उठलं, कुणाला ठाऊक नाही. तिथं आता नुसता पांढरट मातीचा उंचवटा उरलाय. पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहिली, चुली पेटल्या, गोठे धुतले, भिंती पडल्या आणि पुन्हा उठल्या; त्या सगळ्यानं ती माती खारट झालेली. पाणी तिच्यावरून निसटतं आणि गवत तिच्यात उगवायला धजत नाही. अशी माती आणायची, आणि आणणाऱ्यानं चिमूटभर जिभेवर ठेवून बघायची. खारट लागली तर घरावर, नाही तर रस्त्यावर. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत.

वैशाखात दादा म्हणाले, “बारा गाड्या पांढरी आण.”

वैशाख कसला तर असा, की कावळे उडायचं सोडून चालत जायचे. वाटेत मधे खडकाळ चढ. पहिल्या दिवशी एक गाडी आणली, दुसऱ्या दिवशी एक. इमानानं आणल्या, हे इथं मुद्दाम नोंदवून ठेवतो. तिसऱ्या दिवशी बैलांनीच मला विचारलं, की मालक, हे काय चाललंय? आणि बैलांचं म्हणणं मी कधी टाळत नाही.

गावाबाहेर अर्ध्या कोसावर जुनं तळं होतं. त्याचा बांध माझ्या लहानपणीच फुटलेला. तेव्हापासून त्यात पाणी थांबलं नाही. गाळ वाळून भेगाळलेला, ताटाएवढ्या पापड्यांचा, आणि वैशाखाच्या उन्हात बघावं तर पांढराफेक. मी विचार केला. शिकलेला माणूस होतो, चौथी पास. म्हटलं, ही पांढरी, तीही पांढरी. वर ह्या तळ्यात इतकी सालं गवताची काडी उभी राहिलेली मी बघितली नाही. गुरं तुडवतात, जमीन दगडासारखी झालीय. जिथं जमिनीवर काही उगवत नाही ते घरावर काय उगवणार? बुद्धी एकदा अशी चालायला लागली की तिला बैलासारखी वेसण घालता येत नाही.

वरचा थर टणक होता, म्हणून मी कुदळीनं कंबरभर खोल खड्डा घेतला. खाली माती मऊ, भुसभुशीत, भरायला सोपी. उरलेल्या दहाच्या दहा गाड्या तिथल्या. मधल्या वेळात लिंबाखाली झोप. घरी येताना पांढऱ्या धुळीनं अंग माखून, हाश्शहुश्श करत यायचो, आई गुळपाणी द्यायची आणि म्हणायची, “लई राबतंय माझं लेकरू.”

दादांनी माती जिभेवर ठेवली नाही असं नाही. ठेवली. पण त्या पहिल्या दोन गाड्यांची माती मी ढिगाच्या पुढच्या बाजूला ओतली होती. दादांनी पुढची चिमूट घेतली, “खारट हाय, बेस” म्हणाले, आणि गेले. मग आई आणि माझी बायको पाट्या भरून शिडीनं वर नेत होत्या, पसरत होत्या, चोपण्यानं चोपत होत्या. मी खालून पाट्या भरून देत होतो आणि गाणी म्हणत होतो.

म्हणजे आमच्या घरावर जे उभं होतं ते माझं झोपेचं पीक होतं. पण त्या दिवशी अंगणात मला त्याचा धक्का बसला नाही, दुसऱ्याच गोष्टीचा बसला. मातीत हे सगळं होतं? ज्या गाळात मला एक काडी दिसली नाही त्यात तरोटा, सराटा, बाभळी, सगळं गाव होतं? माती मेलेली असते, तिच्यात आपण टाकू तेवढंच निघतं, असं मी बिनघोर समजून चाललो होतो. अहो, हे म्हणजे रिकाम्या खोलीचं कुलूप उघडावं आणि आतून वरात बाहेर पडावी!

पुढचे अकरा दिवस आमच्या घरात काय झालं ते सांगताना मला अजून जड जातं, आणि मला सांगताना सहसा काहीच जड जात नाही.

रोपं उपटावीत तर माती उचकटते आणि भोकं पडतात, म्हणून उपटायची सोय नव्हती. ठेवावीत तर मुळं खाली उतरायची. चुलीवरच्या भागातून पाणी ठिबकायला लागलं. एके सकाळी फळ्यांच्या फटीतून पांढरं बोटभर मूळ खाली लोंबलेलं दिसलं, तेव्हा आई भाकरी तव्यावर टाकून बाहेर पळाली. गल्लीतल्या शेळ्या दिवसभर भिंतीखाली सभा भरवून बसायच्या. एक तर शिडी चढून वर गेली, आणि तिला उतरवायला चार माणसं लागली. आईनं उंबऱ्यावर मीठ टाकलं, येडेश्वरीला नारळ बोलली. आणि सुनेचं नाव न घेता, दिवसभर, सुनेला ऐकू जाईल असं बोलत राहिली.

“काही काही पायच असं असत्यात. पडलं तिथं रान.”

“आमच्या सासूनं मला ह्या घरात आणली, तवा त्या साली हिरीला पाणी लागलं. आता बघा.”

बायको भांडी घासायची, शेण काढायची, गळतीखाली पातेली मांडायची. एका शब्दानं बोलायची नाही.

मी कबूल व्हायचा प्रयत्न केला नाही, असं समजू नका. दादा धार काढत होते तेव्हा मी जवळ जाऊन बसलो, “दादा, ते वैशाखात...” एवढं म्हणालो. दादांनी मान वर करून बघितलं. मी म्हणालो, “वैशाखात लई ऊन व्हतं.” दादा म्हणाले, “व्हय.” दुसऱ्या दिवशी आईपाशी गेलो, तर ती मला बघून रडायला लागली, की माझ्या लेकराच्या नशिबी हे काय आलं. आता रडणाऱ्या आईला काय सांगणार? तिसऱ्या दिवशी बैलाला सांगितलं. त्याला ठाऊकच होतं.

मग आईनं येरमाळ्याला जाणाऱ्या एका माणसापाशी एस.टी.नं निरोप धाडला. माझ्या सासऱ्याला. नागपंचमी तोंडावर आली होती. पंचमीला नवी सून माहेरी जाते, माहेरचं माणूस न्यायला येतं, यात नवं काही नाही. पण आईचा निरोप असा होता: “पंचमीला लेकीला न्यायला या. परत आणून घालायची घाई करू नका.”

हा निरोप गावात सगळ्यांनी ऐकला, आणि त्याचा अर्थही सगळ्यांना कळला. असा निरोप गेलेली एक बाई आमच्याच आळीत होती. सात वर्षं झाली, तिच्या सासरच्यांनी तिला परत बोलावलेलं नव्हतं.

माझ्या बायकोनं त्या रात्री जेवण केलं नाही. सकाळी तिनं आपली दोन लुगडी घडी करून गाठोडं बांधलं. मी दारात उभा होतो. ती माझ्याकडं बघत होती. मी बैलाचं दावं बघत होतो.

आमच्या जातीत काही घरं शेतीला लागली होती, काही अजून मेंढरांमागंच चालत होती. आमचं घर शेतीचं, सासऱ्याचं मेंढरांचं. तो माणूस एस.टी.वर विश्वास ठेवायचा नाही. म्हणायचा, मेंढरू तिच्यात बसत न्हाय, तर म्या का बसू? पंचमीच्या आदल्या दिवशी खांद्यावर घोंगडं, हातात काठी असा येरमाळ्याहून चालत आला. ओसरीवर बसला, पाणी प्याला, मग लेकीकडं बघितलं. तिनं मान खाली घातली.

आईनं सगळं सांगितलं. रागानं नाही सांगितलं, तेच वाईट होतं. “पाव्हणं, तुमची लेक गुणाची हाय. कामाला वाघीण हाय. पण तिचा पाय आमच्या घराला मानवंना. वर जाऊन बघा, म्या खोटं बोलत न्हाय.”

“बघतो की, ईनबाई,” सासरा म्हणाला.  लेक घरी परत आणून बसवायची, हे कुठल्या बापाला हलकं असतं?

तो शिडी चढून वर गेला. खूप वेळ खाली आलाच नाही. आई म्हणाली, “रडत असंल बिचारा.” मी तर त्याहून वाईट कल्पना करत होतो. शेवटी खाली आला तेव्हा त्याच्या घोंगड्याची खोळ हिरव्या पाल्यानं भरलेली, आणि चेहरा असा की जत्रेत दोन डोक्यांचं वासरू बघून आलाय.

त्यानं घोंगडं अंगणात पसरलं आणि एकेक रोप बाजूला मांडायला लागला. मेंढरांमागं चालणारा माणूस झाडाला नावानं नाही ओळखत, पत्त्यानं ओळखतो. कुठल्या माळावर काय, कुठल्या ओढ्याला काय, मेंढरू काय खातं, कशानं फुगतं, हे त्याला पाठ असतं.

“तरोटा. हा कुठंबी येतो, ह्याचं सोडा. हा सराटा, गुरांच्या वाटंवरचा. हा लव्हाळा, ह्याला ओल लागती.” मग त्यानं एक रोप उचललं, पानं चुरगाळली, स्वतः हुंगली आणि दादांच्या नाकाखाली धरली.

दादांचे डोळे मोठे झाले. “बावची?”

“बावचीच!” सासरा जवळजवळ ओरडला. “किती सालं झाली बघून?”

दादा मोजायला लागले. निजामाच्या वक्ताला हकिमाची माणसं यायची, ते म्हणाले, आणि तळ्याच्या वरच्या अंगाची बावची औषधाला मुळासकट उपटून गाड्या भरून न्यायची. इतकी नेली की बावचीचं बीसुद्धा गावात उरलं नाही. वीस सालं तरी झाली. दादांनी एका दमात एवढं बोललेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्या धक्क्यातून सावरतोय तोवर सासऱ्यानं दुसरं रोप पुढं केलं. लांबट पानं, आणि पेरापेराला नुकते काटे फुटायला लागलेले.

“आन्‌ ह्ये? तालिमखाना. ह्येला पाय पाण्यात लागत्यात. तळ्याच्या पोटात असतो ह्यो, दुसरीकडं कुठं दावा, मिशी काढून देतो. ईनबाई, माळवदावर तळं कुणी बांधलं?”

आई म्हणाली, “पण त्या तळ्यात तर काडी उगवत न्हाय, पाव्हणं! ते तर मेलंय.”

“बी मरत न्हाय, ईनबाई. निजतंय. डोंगरावरनं पाणी यायचं तवा सगळ्या रानाचं बी धुऊन त्या तळ्यात आणायचं. वर गाळ बसला, खाली बी दबून ऱ्हायलं. आमी मेंढरं बसवतो न्हवं रानात? लेंड्यातनं कुठलंबी बी पडतंय. पाच सालांनी नांगर खोल गेला की त्यातनं कुठल्या गावचं गवत उठलं ते म्या सांगतो. उकरून वर काढलं, ऊन दावलं, की उठतंय. ह्ये सारं आतच व्हतं.” मग तो थांबला, आणि अगदी साधेपणानं म्हणाला, “माती कुणी आणली?”

कुणी माझ्याकडं बघितलं नाही. म्हणजे अख्खं अंगण माझ्याकडं बघत नव्हतं, आणि तो प्रकार बघण्याहून भयंकर असतो.

दादा उठले. तालिमखान्याच्या मुळाला चिकटलेली माती त्यांनी दोन बोटांनी काढली, जिभेवर ठेवली. डोळे मिटले. मला त्या क्षणाला असं वाटलं की आपल्यालाच कुणी चाखतंय.

“आळणी,” दादा म्हणाले.

मी तिथंच बसलो.  मग सगळं सांगितलं. तळं, खड्डा, लिंबाची सावली, पुढं ओतलेल्या दोन गाड्या. आयुष्यात पहिल्यांदा काहीही न वाढवता सांगितलं, आणि पहिल्यांदाच लोकांना ते खरं वाटत नव्हतं. आईनं तर दोनदा विचारलं, “तू? तू आणलीस?” तिसऱ्यांदा विचारायला तिचा आवाजच निघाला नाही. येडशीची गाडी हलवणारा आवाज, आणि ओठ नुसते हलत होते.

दादांनी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

आई उठली. ओसरीच्या कोपऱ्यात सुनेचं गाठोडं होतं, ते उचललं आणि आत नेऊन फडताळात ठेवलं. मग बाहेर येऊन सुनेच्या हातातला तांब्या काढून घेतला, आणि तिचा हात धरून तिला आपल्याजवळ बसवलं. माफी बिफी कुणी मागितली नाही. आमच्याकडं सासू सुनेची माफी मागते असं मी तरी कधी ऐकलं नाही. पण त्या दिवशी आईनं सुनेला आधी वाढलं आणि स्वतः मागून जेवली.

सासरा हात धुऊन म्हणाला, “पंचमीला न्हेतो, ईनबाई. मग आणून घालू का नगं?”

“न्हाय घातलीसा तर म्या येते तिकडं वरडत,” आई म्हणाली.

“तुमी नगा.” त्यानं काठीनं माझ्याकडं खूण केली. “ज्येनं माती आणली, त्येनंच यावं. घर आधी नीट करून यावं.”

पुढचे पंधरा दिवस मी काय केलं ते बैलांना विचारा. उघडीप मिळेल तशी, पाऊस आला की थांबून, खऱ्या पांढरीच्या गाड्या आणल्या. घाटाच्या त्या चढावर माझ्या घामानं एक ओढा वाहायला लागला, तो पुढं सहा महिने आटला नाही. वरचं रान विळ्यानं बुडापासून कापलं, वर खारट माती घालून चोपली. प्रत्येक गाडीतली चिमूट मी आधी स्वतःच्या जिभेवर ठेवायचो, मग दादांच्या. पंधरा दिवस मला भाकरीला मीठ लागलं नाही.

पोळ्याच्या चार दिवस आधी येरमाळ्याला गेलो. सासऱ्याचा वाडा गावाबाहेर माळावर होता. वाडा म्हणजे काटेरी कुंपणात कोंडलेली मेंढरं आणि राहायला एक कापडी पाल. सासऱ्यानं माझ्या हाताचे फोड बघितले आणि लेकीला म्हणाला, “जा.”

आम्ही माळ उतरून सडकेकडं चाललो होतो. ती पुढं, मी मागं तिचं गाठोडं घेऊन. मी एकसारखा बोलत होतो. किती राबलो, माती कशी खारट, तुझ्या बापानं कसं ओळखलं, जगात असा माणूस नाही. ती चालता चालता म्हणाली,

“मला वैशाखातच कळलं व्हतं.”

मी वाटेत उभा राहिलो. “काय कळलं व्हतं?”

“माती तळ्याची हाय ते. पाट्या पसरताना शंख घावले. बारकं बारकं. पांढरीत काकणाचं तुकडं असत्यात, खापरं असत्यात. शंख कुठनं येतील?”

माझ्या डोक्यावर आभाळ पडलं असतं तरी इतका दचकलो नसतो. बावचीचं बी वीस वर्षं दबून राहिलं, हे मी गिळलं होतं. हे गिळता येईना. म्हणजे अकरा दिवस, आई बोलत होती, गल्ली बघत होती, येरमाळ्याला तो निरोप गेला, गाठोडं बांधलं, तेव्हा हिला सगळं ठाऊक होतं! एक शब्द बोलली असती तर त्याच दिवशी सुटली असती.

“मग बोलली का न्हाईस?” मी विचारलं.  “एवढं सगळं झालं, बोलली का न्हाईस तू?”

“तुमी बोलाल म्हणून थांबले व्हते.”